असू दे, लागेल

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. पुण्यात हल्ली ज्याचं त्याचं जे चाललंय तेच. जुनी चार मजली पाडणार, तिच्या जागी अकरा मजली उभी राहणार आणि तोवर आम्ही भाड्याच्या घरात. जागा रिकामी करायला महिन्याची मुदत मिळाली. पहिले तीन आठवडे आम्ही ‘बघू, बघू’ करण्यात घालवले आणि चौथ्या आठवड्यात शिडी लावून माळ्यावर चढलो.

काय काय उतरलं ते सांगते, कारण त्यातलं निम्मं तुमच्याही माळ्यावर असणार. श्रीखंडाचे रिकामे डबे, एकात एक घातलेले, आणि त्यांची झाकणं वेगळ्या पिशवीत. बंद पडलेले दोन मिक्सर आणि तिसऱ्याचं नुसतंच भांडं. एक पितळी घंगाळ. टीव्हीचा खोका, त्यातला टीव्ही कधीच भंगारात गेला होता. ओटीत आलेले ब्लाउजपीस, जुन्या अभ्र्यात कोंबलेले. मोजले तर ६१ निघाले. आणि हळदीकुंकवाच्या वाणाचं एक स्वतंत्र गाठोडं. त्यात प्लास्टिकची गाळणी, साबणदाण्या, करंडे, एकाच मापाच्या नऊ स्टीलच्या वाट्या आणि लिंबू पिळायचं एक यंत्र, ज्यात लिंबू मावतच नाही.

खाली खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. वय ८२. वस्तू खाली आली की त्या हातात घ्यायच्या, उलटीपालटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, “असू दे, लागेल.”

इथपर्यंत मला हसू येत होतं. तेवढ्यात धाकटा त्याच्या खोलीतून एक खोका घेऊन आला. तो नऊ वर्षांचा आहे. खोक्यात वाढदिवसांना मिळालेली रिटर्न गिफ्ट्स: न उडणारं हेलिकॉप्टर, दिवा गेलेला यो-यो, टोपण हरवलेली पेनं, रबरी किडे. मी म्हटलं, “चल, यातलं काय काढायचं?” त्याने हेलिकॉप्टर उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि अगदी आजीच्या सुरात म्हणाला, “असू दे, लागेल.”

मी शिडीच्या पायरीवर बसले. मुलं आपल्याला विचारून शिकत नाहीत हे ऐकून होते. समोरच बघायला मिळालं. म्हणून, आईबाबांनो, आज तुमच्याशी घर आवरण्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. माझं घर आता नीटनेटकं आहे असं मुळीच समजू नका.

सासूबाईंना नावं ठेवणं सोपं आहे. सुनांची ती आवडती सवय, मलाही होती. पण त्यांचं बोलणं कान देऊन ऐकलं की वेगळंच काही दिसतं. त्यांचं माहेर कराडजवळचं. घरात अकरा माणसं आणि कपड्यांची ट्रंक एक. नऊवारी नेसून नेसून विरली की तिची वाकळ व्हायची नाहीतर बाळंतिणीसाठी दुपटी. दुपटं फाटलं की त्याचे लंगोट, लंगोटाचं हातपुसणं, हातपुसण्याचं पोतेरं. डालड्याच्या डब्यात तुळस. वर्तमानपत्र आधी वाचायला, मग फडताळात पसरायला, मग वाण्याकडे पुड्या बांधायला. बोहारीण दारात बसली की तासभर घासाघीस चालायची. तीन पातळं आणि मामंजींची एक विजार देऊन एक पातेलं मिळायचं. त्यातल्या एका पातेल्यात आमच्याकडे आजही दूध तापतं.

त्या घरात ‘लागेल’ हे शब्दशः खरं होतं. डबा रिकामा झाला तर दुसरा डबा आपोआप येणार नव्हता. आता दर पंधरवड्याला कसला ना कसला डबा घरात येतोच. वस्तू सणावारी यायच्या तेव्हाची ही जपणूक, आणि दारावरची बेल दिवसातून दोनदा वाजते असं आमचं घर. दोघांची गाठ पडली की माळा भरणारच. शिवाय पूर्वी वस्तूला घराबाहेर जायला वाटा होत्या. आता बोहारीण आमच्या भागात फिरकत नाही. कोपऱ्यावर मिक्सर दुरुस्त करणारे काका होते, त्यांच्या जागी केकचं दुकान आलं. कल्हईवाला तर माझ्या मुलांनी पाहिलेलाच नाही. येणं दसपट झालं, जायच्या वाटा बुजल्या आणि बोल मात्र एकट्या आजीला.

हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं. त्याआधी मी जे केलं ते सांगितल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

२०१९ च्या जानेवारीत मारी कोंडो या जपानी बाईंचा घर आवरण्याचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला. वस्तू हातात धरायची, मनात आनंद उमटला तर ठेवायची, नाही तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. मी भारावले. एका शनिवार-रविवारी पाच काळ्या पिशव्या भरल्या. आभार बिभार मानायला वेळ नव्हता. मग उरलेलं सामान नीट लावायला बारा पारदर्शक प्लास्टिकचे डबे मागवले. ते तीन खोक्यांतून, फुगेवाल्या प्लास्टिकात गुंडाळून आले. पसारा कमी करायच्या मोहिमेत आमच्याकडे त्या वर्षातलं सगळ्यात जास्त प्लास्टिक आलं, ते असं.

पण खरी चूक ती नव्हे. थोरली तेव्हा सात वर्षांची होती. तिच्याकडे बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा होता. आत चॉकलेटच्या चांद्या, नखाने घासून सपाट केलेल्या. बांगडीचे तुकडे, चार शिंपले, मूठभर गुंजा, एक किल्ली जिचं कुलूप जगात कुठेच नव्हतं, आणि पीएमटीची दोन तिकिटं. मला त्यात कचरा दिसला. सोमवारी ती शाळेत गेल्यावर मी डबा रिकामा केला, घासला, पुसला आणि त्यात रवा भरला.

ती घरी आली. ओट्यावर डबा दिसला तसा उघडला, रवा पाहिला, झाकण लावलं. रडली नाही, भांडली नाही. मी मनात म्हटलं, चला, विशेष काही नव्हतंच. दोन महिन्यांनी गादी उन्हात टाकायला काढली तर खोळीची शिवण हातभर उसवलेली, आणि आत नव्या चांद्या, एक मणी, पिसं. तिने परत साठवायला सुरुवात केली होती, फक्त यावेळी माझ्यापासून लपवून.

एवढं बोलून मी जरा थांबते. हे लिहितानाही मला त्या शिवणीची लाज वाटते.

कोंडोबाईंनी २०२३ साली मोकळेपणाने सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर घर आवरण्याचा आग्रह आपण बराच सैल सोडलाय. बातमी वाचून पुष्कळांना गंमत वाटली. मला तेव्हा त्या बाई पहिल्यांदा आपल्यातल्या वाटल्या.

काका कालेलकरांनी सांगितलेली गांधीजींची एक आठवण आहे. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं. गांधीजी टेबलावर, टेबलाखाली काहीतरी शोधत होते. काय, तर एक पेन्सिल, जेमतेम दोन इंचांची. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती त्यांना नको होती. हरवलेली पेन्सिल मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने त्यांना प्रेमाने दिली होती, ती हरवलेली त्यांना सोसवणार नव्हती. सापडेपर्यंत दोघांनी शोधली. अपरिग्रहाला आश्रमाच्या व्रतांत बसवणारा माणूस हा. मी ही गोष्ट शाळेत काटकसरीचा धडा म्हणून ऐकली होती, पण तिच्यात काटकसर कुठे आहे? कालेलकरांची पेन्सिल फुकटच मिळत होती. मोजक्या वस्तूंत राहणाऱ्याला प्रत्येक वस्तू कुणी दिली ते आठवतं, एवढंच. माझ्या पाच काळ्या पिशव्यांत काय होतं, ते मला आज आठवत नाही.

म्हणून तुम्हाला माझी पहिली विनंती अशी की मूल शाळेत गेलेलं असताना त्याचं कपाट आवरू नका. त्याला विचारलं तर ते काही काढणार नाही, अशी भीती असते. पहिल्या खेपेला नाहीच काढत. मग त्याला एक जागा नेमून द्या, एक डबा, एक खण, आणि म्हणा, यात मावेल ते तुझं, मी बघणार नाही. जागा भरली की निवड त्याची त्यालाच करावी लागते. आमच्या धाकट्याने हेलिकॉप्टर की रबरी किडे यावर दोन दिवस काढले आणि शेवटी किडे ठेवले. का, ते मी विचारलं नाही.

आता त्या काळ्या पिशव्यांचं. ‘टाकून दिलं’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय होतं, हे मला मुलांच्या आधी कळायला हवं होतं. आमच्या इमारतीचा कचरा न्यायला एक ताई येतात. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. त्या संस्थेच्या या ताई. माळ्यावरचा ढीग आम्ही खाली नेला तेव्हा धाकटा बरोबर होता. ताईंनी पार्किंगमध्ये पोतं अंथरलं, पिशवी सोडली आणि हात चालू झाले. धाकटा शेजारी उकिडवा बसला.

“ह्याला भाव हाय,” म्हणत त्यांनी पुठ्ठा एकीकडे टाकला. दुधाच्या पिशवीलाही भाव, पण धुतलेली असेल तर. “आन् बाळा, आईला सांग, पिशवीचा कोपरा समदा कापू नको म्हणावं. अर्धा कापायचा, लटकता ऱ्हाऊ द्यायचा. तो एवढासा तुकडा पडतो आन् कुनाच्याच हाताला गावत नाही.” मी आजवर हजारो कोपरे कापून केरात टाकले असतील. मग त्यांनी वेफर्सची चकचकीत पाकिटं उचलली. याला भाव नाही. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे ते कुणी घेत नाही. आणि शेवटी खेळणी. ती त्यांनी ढकलून दिली. चार जातींचं प्लास्टिक, मध्ये स्क्रू, तारा, सेल. “खेळन्याला काय बी येत न्हाई.”

धाकट्याने विचारलं, “मग ते कुठे जातं?”

सासवडच्या रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल तर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही नावं ठाऊक असतील. आम्ही पुणेकरांनी वर्षानुवर्षं टाकलेलं सगळं तिथे डोंगर होऊन बसलं. विहिरी नासल्या, वास सुटला, गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या आणि त्या त्या वेळी आमच्या चौकाचौकांत कचरा तुंबला की आम्ही वैतागलो. त्यांच्यावर, बरं का! मुंबईकरांचं देवनार तर १९२७ पासून आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मी धाकट्याला एवढंच सांगितलं, की तुझं हेलिकॉप्टर दुसऱ्या कुणाच्या तरी घरासमोर जाऊन पडतं.

त्या दहा मिनिटांनी जे झालं ते माझ्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं. तुमच्याकडेही कुणी ताई किंवा दादा येत असतीलच. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन सकाळी खाली जा. आधी त्यांना विचारा, त्यांच्या कामाचा खोळंबा करू नका, आणि मुलाला त्यांना नमस्कार करायला सांगा. डायपर, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळं द्यायचं असतं, ते का, हे मुलीइतकंच मुलालाही कळलं पाहिजे. तो गुंडाळा उघडणारे हात त्याने पाहिलेले असले की वेगळं समजवावं लागत नाही.

तर मग घरात वस्तू येते कुठून? आपण बाजाराला दोष देतो. पण मुलांच्या खोलीपुरतं बोलायचं तर निम्म्याहून जास्त माल आपण एकमेकांना देतो. रिटर्न गिफ्ट ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, माझ्या मते. आमच्या सोसायटीत मुलं पंधरा-वीस. म्हणजे वर्षाला पंधरा-वीस वाढदिवस आणि प्रत्येक वेळी प्रत्येक घरात एक वस्तू, जी कुणालाच नको आहे, देणाऱ्यालासुद्धा. तरी देतो, कारण मागच्याने दिली होती.

मी ती साखळी तोडायचा प्रयत्न केला आणि पहिल्यांदा तोंडघशी पडले. रोपं वाटली. मोठ्या अभिमानाने. पंधरा दिवसांनी जिन्याच्या कठड्यावर तीन रोपं काळ्या पिशव्यांसकट वाळलेली दिसली. रोप देणं म्हणजे दुसऱ्याच्या आईला रोज पाणी घालायचं काम लावणं, हे तेव्हा उमगलं. पुढच्या वर्षी आमंत्रणातच लिहिलं, ‘भेट आणू नका, आम्हीही देणार नाही.’ दोन फोन आले, “अहो, असं रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?” चौघांनी तरी आणलंच, परत कशाला करायचं, घेतलं. वडापाव केला, पोरं डब्बा ऐसपैस आणि विषामृत खेळून घामाघूम झाली. निघताना एक चिमुरडा दारात अडून उभा. “काकू, रिटर्न गिफ्ट?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरलीने आत जाऊन कागदाचा कोन वळला, उरलेला चिवडा भरला आणि त्याच्या हातात दिला. मग काय, सगळेच रांगेत उभे. पुढच्या वर्षी मुलांनी चिवड्याची आठवण आपणहून केली.

वाणाचंही तसंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण बायका एकमेकींच्या घरी प्लास्टिक लुटतो. मी गेली दोन वर्षं गुळाची छोटी ढेप देते. सासूबाई नाराज. “खायचं वाण? खाल्लं की संपलं!” मी म्हटलं, “आई, तेच तर हवंय.” शेजारच्या वहिनींनी तर यंदा पालकाची एकेक जुडी लुटली. कुजबुज झाली थोडी, पण त्या रात्री निम्म्या इमारतीत पालकाची भाजी होती. ब्लाउजपीस मात्र अजून कुणाला जिंकता आलेले नाहीत. त्या ६१ मधला एक पिवळा तुकडा सासूबाईंनी कुंकवाच्या डागावरून ओळखला. आमच्याच घरून निघून, कोण जाणे किती ओट्या फिरून, तो परत आला होता.

खेळण्यांविषयी थोडं सविस्तर बोलते, कारण इथे आपण सगळेच पैसे आणि अपराधीपणा एकत्र खर्च करतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना कधी चार खेळणी देऊन तर कधी सोळा देऊन बघितलं होतं. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चारच होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. सोळा होती तेव्हा नुसतीच या वस्तूवरून त्या वस्तूवर. हे वाचून मला आमचा हॉल आठवला.

माँटेसरीच्या वर्गात तर प्रत्येक साधन एकेकच ठेवतात. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं, आपलं झालं की जागेवर ठेवायचं. आपण घरी दोन मुलांची भांडणं मिटवायला दोन गाड्या आणतो, आणि थांबण्याची ती सगळी शिकवणी बुडते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं, तेव्हा महागडी साधनं त्यांना परवडणार नव्हती आणि आदिवासी मुलांना ती आपली वाटलीही नसती. त्यांनी बिया, शंख, शिंपले, पानं, खडे हाताशी घेतले. मोजायला, लावायला, जुळवायला. शिंपले आणि गुंजा! आमच्या थोरलीच्या निळ्या डब्यात बालवाडीची अख्खी साधनपेटी होती, आणि तिच्या सुशिक्षित आईने ती रवा भरायला रिकामी केली.

इथे पुण्यातच आयुका या विज्ञानसंस्थेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं मुलांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घरं बनवायला शिकवलं. धाकट्याने ते सगळं घरी करून बघितलं आणि एक महिनाभर आमच्याकडे काडेपेटीत काडी मिळेना. तो त्रास मी आनंदाने सोसला. एक सोपी युक्तीही सांगते. निम्मी खेळणी पेटीत घालून पलंगाखाली सरकवा, दोन महिन्यांनी ती काढा आणि बाहेरची आत टाका. मुलाला नवं काहीतरी मिळाल्याचा आनंद होतो आणि तुमचा खर्च शून्य.

बाकी किरकोळ गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, उगाच पाल्हाळ लावत नाही. शाळेला स्टीलची बाटली, प्रवासात घरचा डबा, उसवलेला गणवेश शिंप्याकडे. कापडी पिशवीचं मात्र सांगते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि मग लग्नात, संमेलनात, दुकानात, सगळीकडे कापडी पिशव्या वाटायची टूम निघाली. माझ्याकडे २३ निघाल्या. हादेखील पसाराच, फक्त जरा पुण्यवान. दाराच्या खुंटीला दोन ठेवल्या.

स्वयंपाकघरात मात्र मी हार मानली, कारण तिथे सासूबाईंना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची तीळ घालून केलेली चटणी, शिळ्या पोळीचा फोडणीचा कुस्करा. त्या माहेरी किंवा लेकीकडे गेल्या की आमची ओल्या कचऱ्याची बादली दुपटीने भरते. आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात माझं असं काही सापडतं की ते काय होतं यावर घरात पैजा लागतात. मुलांनी ‘लागेल’ कुणाकडून शिकायचं, तर ते ओट्यापाशी आजीकडून, माळ्यापाशी नको.

मग माळ्याचं काय झालं? त्या श्रीखंडाच्या डब्यांवरून दोन दिवस अबोला चालला. मी सारखी म्हणत होते, “आई, हे टाकू या.” आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी त्यांनाच टाकायला निघाले आहे. कोंडी फुटली ती योगायोगाने. आमच्या वॉचमनकाकांची मुलगी गावाहून शिकायला आली होती, चार मैत्रिणींनी मिळून खोली घेतली होती आणि स्वयंपाकाला भांडी नव्हती. मी सहज बोलले, “आई, तिला काही देऊ या का?” ‘टाकू’च्या जागी ‘देऊ’. बस, त्या उठल्याच. ट्रंक उघडली. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं, ते मुलांकडून मोठ्याने वाचून घेतलं. कुठल्या आत्याने दिलं, कुणाच्या मुंजीत मिळालं, कोणत्या पातेल्यावरून जावांची भांडणं झाली. एका तपेल्यावर १९६४ साल होतं, त्यांच्या लग्नाचं. ते बाजूला राहिलं. बाकी चौदा भांडी त्यांनी स्वतः चिंचेने घासून त्या मुलीला दिली आणि वर अर्धा तास आमटी कशी करायची ते सांगितलं. श्रीखंडाचे सहा डबे तिनेच मागून घेतले, मसाले ठेवायला. लागले, म्हणजे शेवटी!

देण्यातही आपण लबाडी करतो, तेवढं सांभाळा. विटलेला, बटणं तुटलेला सदरा ‘कुणाला तरी होईल’ म्हणून देणं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात सरकवणं. मी मुलांना एकच विचारते, हे मावशीच्या मुलाला देशील? नाही ना, मग फाड आणि पुसायला घे. ब्लाउजपिसांतले सुती तेवढे निवडून गोधडी शिवणाऱ्या बाईंकडे दिले, आत सासूबाईंचं जुनं लुगडं घातलं. दोन गोधड्या झाल्या. नायलॉनचे बाकीचे अजून अभ्र्यात आहेत. सगळं काही मार्गी लागलं असं सांगून मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

भाड्याच्या घराला माळा नाही. सामान हलवायच्या आदल्या रात्री मी थोरलीला एक रिकामा खोका दिला आणि म्हटलं, तुझं तू भर, मी बघणार नाही. ती आता चौदा वर्षांची आहे. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग दार लावून घेतलं. सकाळी खोका चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून तयार होता, वर स्केचपेनने लिहिलेलं, ‘आईने उघडू नये’. टेंपोत तो तिने मांडीवर घेतला होता. आता तिच्या पलंगाखाली असतो. केर काढताना मी तो ओढून बाहेर घेते, खालून झाडते आणि होता तसा परत ठेवते. चांगलाच जड आहे.